न ऐकवणारें गाणें

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहींत. नको असलेलें दृश्य मनुष्य पापणी मिटून दूर करूं शकतो. नको असलेल्या ध्वनीपुढें मात्र तो निरुपाय असतो. बहुतेकांना या उणिवेची जाणीव क्वचितच होते. बाजारांतील कलकलाट, शेजारच्या घरांतील भांड्यांची आदळआपट, मिरवणुकींतील ताशे, हें सारें त्यांचे कान सहज पचवितात. परंतु कांहीं माणसांच्या कानांना ही पचनशक्ति कमी असते. ताटावर घासलेला चमचा, अचानक आपटलेलें दार, कुकरची एखादी कर्कश शिटी, एवढ्यानेंहि त्यांच्या अंगावर कांटा येतो, छाती धडधडूं लागते, आणि कधीं कधीं कानांत खरोखरीची कळ उठते. अशा माणसांना आपण 'नाजुक' म्हणतों, थोडें हंसतों, आणि विषय संपला असें समजतों.

मींहि एकदां असाच विषय संपविला होता. गेल्या वर्षीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीविषयीं वर्गांत बोलतांना मीं विद्यार्थ्यांना १९६० सालचें एक जॅझ संगीताचें ध्वनिमुद्रण ऐकविलें. त्याच्या एका भागांत गायिका सव्वा मिनिटाच्या आसपास नुसत्या किंकाळ्या फोडते. शब्द एकहि नाहीं. पहिल्या किंकाळीबरोबर एक विद्यार्थिनी दोन्ही कान झांकून वर्गाबाहेर गेली. मला राग आला. दुसऱ्याचें दुःख ऐकण्याइतकीहि आपल्या सुखवस्तु मुलांची तयारी नसते, असा एक कडू शेरा मीं उरलेल्या वर्गापुढें मारला. तास संपल्यावर ती परत आली आणि शांतपणें म्हणाली, "सर, ऐकायचें नव्हतें म्हणून मी गेलें नाहीं, ऐकवेना म्हणून गेलें."

ऐकत नाहीं आणि ऐकवत नाहीं, या दोन प्रयोगांत आपल्या भाषेनें केवळ एका 'व'काराचें अंतर ठेविलें आहे. परंतु पहिल्यांत इच्छेचा अभाव आहे व दुसऱ्यांत शक्तीचा. मीं हे दोन दोष एकच समजलों होतों. त्या मुलीच्या उत्तरानें मला त्या ध्वनिमुद्रणाकडे, आणि त्याच्या मागील वीस-एकवीस वर्षांच्या इतिहासाकडे, पुन्हां पाहण्यास भाग पाडलें. निषेधाचें गाणें नाजुक कानाला काय करतें, आणि तें तसें करण्याचा त्याला अधिकार आहे काय, हा प्रश्न दिसतो त्याहून जुना व अवघड आहे.

अमेरिकेंतील या लोकांचें दुःख महाराष्ट्राला अगदींच परकें नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, तिकडील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या सज्जनांस अर्पण केलें होतें. जोतीरावांचें तें अभिनंदन उचितच होतें. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या मुक्ततेचा अर्थ दक्षिणेकडील राज्यांत पुसला जाऊं लागला. खटला नाहीं, पुरावा नाहीं. जमावानें एखाद्या माणसास पकडावें, त्याचे हाल करावे आणि झाडाला लटकवावें, या प्रकारास तिकडे 'लिंचिंग' म्हणतात. टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेनें ठेविलेल्या नोंदींप्रमाणें १८८२ ते १९६८ या काळांत अशा ४,७४३ हत्या झाल्या आणि त्यांपैकीं ३,४४६ माणसें कृष्णवर्णीय होतीं. या गुन्ह्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करण्याचे प्रयत्न वारंवार झाले व वारंवार फसले. तो कायदा अखेर २०२२ सालीं झाला.

७ ऑगस्ट १९३० रोजीं इंडियाना राज्यांतील मॅरियन या गांवीं टॉमस शिप व एब्रम स्मिथ या दोन तरुणांस जमावानें तुरुंगांतून ओढून काढलें आणि ठार मारून झाडाला टांगलें. त्यांच्याबरोबरचा जेम्स कॅमेरॉन नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा केवळ दैवयोगानें वांचला. गांवच्या छायाचित्रकारानें त्या झाडाचें छायाचित्र घेतलें. वर लोंबणारे देह, आणि खालीं जत्रेला आल्याप्रमाणें उभे असलेले स्त्रीपुरुष. त्यांपैकीं कांहींजण हंसत आहेत. या चित्राच्या प्रती हजारोंनीं खपल्या. पुढें तें चित्र न्यूयॉर्कमधील एब्ल मीरोपोल या शाळाशिक्षकाच्या पाहण्यांत आलें आणि त्याला चैन पडेना. त्यानें एक छोटी कविता लिहिली. १९३७ सालीं ती शिक्षकांच्या एका मासिकांत प्रसिद्ध झाली, आणि मग त्यानें स्वतःच तिला चाल लाविली. 'स्ट्रेंज फ्रूट' या नांवानें जगाला ठाऊक असलेलें गाणें तें हेंच. कवितेंतील देखावा दक्षिणेंतला आहे, पण ज्या चित्रानें ती सुचली तें मात्र उत्तरेकडील राज्यांतलें होतें, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें विसरूं नये.

१९३९ सालीं हें गाणें बिली हॉलिडे या गायिकेकडे आलें. न्यूयॉर्कमधील 'कॅफे सोसायटी' या उपाहारगृहांत ती गात असे. गोऱ्या व काळ्या गिऱ्हाइकांना एकत्र बसूं देणारीं स्थळें त्या काळीं विरळा होतीं. हें त्यांपैकीं एक. तेथील मालकानें या गाण्यासाठीं एक विधिच ठरविला. गाणें नेहमीं शेवटचें. तें सुरू होण्यापूर्वीं वाढप्यांनीं हातांतील काम थांबवावें. सर्व दिवे मालवावे. एकच प्रकाशझोत गायिकेच्या मुखावर असावा. आणि गाणें संपतांच तिनें निघून जावें, कितीहि टाळ्या पडल्या तरी परत येऊं नये. पेल्यांचा किणकिणाट, कुजबूज, खुर्च्यांची सरकासरक, हें सारें आधीं काढून टाकलें जाई. सध्यांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, श्रोत्यांना तीन मिनिटांपुरते नाजुक कान दिले जात.

तिची नेहमींची ध्वनिमुद्रण-कंपनी कोलंबिया ही हें गाणें घेण्यास धजली नाहीं. म्हणून २० एप्रिल १९३९ रोजीं कमोडोर या लहानशा कंपनीनें तें मुद्रित केलें. तीन मिनिटांच्या तबकडींत पहिलें मिनिट उलटून जातें तरी गायिकेचा आवाज येत नाहीं. दबलेली तुतारी व पियानो वाट पाहावयास लावतात. मग जो आवाज येतो त्यांत आक्रोश नाहीं. बिली हॉलिडेच्या गळ्याचा विस्तार थोडाच होता. ती ओरडून गाणारी नव्हेच. एकेक शब्द ती मागें रेंगाळत ठेविते, जणूं तो उचलण्यास जड आहे. नाजुक कानाच्या माणसाला हें गाणें शारीरिक दृष्ट्या मुळींच दुखवीत नाहीं. दुखवितो तो अर्थ. स्वर कानांत अलगद शिरतो आणि आंत गेल्यावर शब्द आपलें काम करितात.

येथवर आपल्या साहित्यशास्त्राचा व या गाण्याचा विरोध नाहीं. करुणरसापासून आनंद कां व्हावा, या कोड्यावर आपल्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली आहे. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकर यांनीं 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली, ती वाचकांस आठवत असेल. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं तद्रूप होतो, पण स्वतःची भूमिका सर्वस्वीं सोडीत नाहीं. आनंद आहे तो या दुहेरीपणांत. 'स्ट्रेंज फ्रूट' ऐकणारा अंधारांतला श्रोता असाच समाधींत होता. त्या झाडाखालीं तो उभा होता, आणि त्याच वेळीं आपल्या खुर्चींतहि होता. दिवे लागल्यावर तो घरीं जाऊं शकत होता, आणि उद्यां मित्रांना सांगूं शकत होता कीं मीं फार हृदयद्रावक गाणें ऐकिलें.

या शेवटल्या वाक्यांतच पुढच्या पिढीच्या अस्वस्थतेचें बीज आहे. वीस वर्षें हें गाणें गाइलें गेलें. १९५९ सालीं बिली हॉलिडे वारली. कायदा झाला नव्हता. सुंदर विलापाला टाळ्या मिळत राहिल्या, न्याय मिळाला नाहीं.

मॅक्स रोच हा त्या काळचा एक अग्रगण्य तबलजी, म्हणजे पाश्चात्य ढोलझांजांचा वादक. गुलामांच्या मुक्ततेच्या घोषणेला १९६३ सालीं शंभर वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं, त्या निमित्तानें ऑस्कर ब्राउन या गीतकारासह तो एक दीर्घ रचना करीत होता. परंतु १९६० साल उजाडलें आणि शताब्दीची वाट पाहण्यास सवड राहिली नाहीं. १ फेब्रुवारीस ग्रीन्सबरो येथें चार कृष्णवर्णीय विद्यार्थी, केवळ गोऱ्यांसाठीं राखलेल्या उपाहाराच्या फळीशीं जाऊन बसले व उठेनात. २१ मार्चला दक्षिण आफ्रिकेंत शार्पव्हिल येथें पोलिसांनीं निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडून ६९ माणसें मारलीं. त्याच वर्षाच्या ऑगस्ट-सप्टेंबरांत 'वुई इन्सिस्ट!' ही रचना न्यूयॉर्कमध्यें मुद्रित झाली. तिच्या वेष्टणावर तीच उपाहाराची फळी आहे आणि तिच्याशीं बसून तीन कृष्णवर्णीय पुरुष आपल्याकडे वळून पाहत आहेत.

रचनेचे भाग पांच. पहिल्यांत गुलामांच्या मुकादमाचें वर्णन आहे. ताल पांच मात्रांचा असून आवर्तनाच्या आरंभीं पडणारा कोरडा, कडक ठोका चाबकाच्या फटकाऱ्यासारखा लागतो. दुसऱ्यांत मुक्तीच्या दिवसाची विश्वास न बसणारी घाई आहे. चौथा आफ्रिकेला उद्देशून, पांचवा जोहान्सबर्गसाठीं ढाळलेल्या अश्रूंचा. मधला तिसरा भाग मात्र केवळ दोघांचा आहे: रोचचे ढोल आणि एबी लिंकन या गायिकेचा कंठ. त्याचीं तीन अंगें: प्रार्थना, निषेध, शांति. तिन्हींत शब्द नाहींत.

प्रार्थनेंत ती मिटल्या ओठांनीं व मोकळ्या स्वरांनीं गाते. ढोल तिला मध्येंच हुंकार देतो आणि थांबतो; दोहोंमध्यें पुष्कळ मोकळी जागा आहे. श्रोता नकळत पुढें झुकतो, बारीकसारीक ऐकूं लागतो. आणि असा कान पुरता उघडलेला असतांनाच निषेध सुरू होतो. किंकाळी, तिच्यावर ढोलांची सरबत्ती, पुन्हां किंकाळी. जो जितक्या एकाग्रतेनें प्रार्थना ऐकत होता, त्याला तितका मोठा तडाखा बसतो. जो अर्धवट ऐकत होता, तो त्या मानानें सुरक्षित राहतो. माझ्या वर्गांत कोण पुरतें ऐकत होतें आणि कोण नव्हतें, याचा निवाडा त्या पहिल्या किंकाळीनेंच केला होता. मला मात्र तो उलटा वाचतां आला.

किंकाळीच कां सोसवत नाहीं, याचें कांहीं उत्तर शास्त्रापाशीं आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें होतें कीं, एखादा ध्वनि सेकंदाला तीसएक वेळां कमीजास्त होऊं लागला म्हणजे तो कानाला खडबडीत व कर्कश लागतो. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें हाच धागा पुढें नेला. आपल्या साध्या बोलण्यांतील चढउतार संथ असतात, सेकंदाला चार-पांच. किंकाळींत मात्र सेकंदाला ३० ते १५० अशा वेगाचे चढउतार असतात, आणि माणसाच्या इतर बोलण्यागाण्यांत ही जागा बहुतांशीं रिकामी असते. धोक्याचे भोंगे याच जातीचा आवाज करितात. असा ध्वनि कानीं पडतांच मेंदूंतील भीतीशीं निगडित असलेलें बदामाच्या आकाराचें केंद्र अधिक उद्दीपित होतें. म्हणजे निसर्गानें ही एक वाट केवळ संकटासाठीं राखून ठेविली आहे. तिच्यावरून आलेल्या निरोपास अर्थ लावीत बसण्याची सवड शरीर देत नाहीं. ज्यांना साधारण आवाजहि वेदना देतात, अशांच्या स्थितीला वैद्यकशास्त्रांत वेगळें नांव आहे. अशा माणसाच्या कानावर त्या राखीव वाटेनें ढोलांच्या तडाख्यांसह किंकाळी आली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना करतां येते. त्याचे खांदे वर चढतात, श्वास अडकतो, आणि हात कानांकडे जातात ते विचार करून जात नाहींत.

मग आक्षेप असा कीं, ही कला कशाची? हा शरीरावरील हल्ला झाला. आपल्या परंपरेंत या आक्षेपाला भरभक्कम आधार आहे. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं विघ्नें सांगतांना, मन स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटून जाणें हेंहि एक विघ्न मानिलें आहे. ज्याचा स्वतःचा कान ठणकत आहे तो दुसऱ्याच्या दुःखाचा आस्वाद काय घेणार? केळकरांच्या भाषेंत, येथें विकल्पच उरत नाहीं. समाधि मोडते आणि श्रोता आपल्या दुखऱ्या शरीरांत परत येऊन पडतो. हा आक्षेप मला अमान्य करतां येत नाहीं. किंबहुना तो अगदीं खरा आहे, आणि रोच व लिंकन यांना हेंच हवें होतें असें मला वाटतें. वीस वर्षें श्रोत्यांनीं आस्वाद घेतला होता. आतां आस्वादाला विघ्न आणणें हाच निषेध होता. टाळी वाजविण्यास हात मोकळे राहूं नयेत, ते कानांवर जावे. शास्त्रानें ज्याला रसविघ्न म्हटलें, त्याचेंच येथें साधन केलें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील सरकारनें या रचनेवर बंदी घातली, ती तरी कांहीं संगीतशास्त्राच्या काळजीनें नव्हे.

तथापि या समर्थनालाहि एक मर्यादा आहे आणि ती सांगितली नाहीं तर मी पुन्हां वर्गांतलाच अन्याय करीन. किंकाळीला श्रोत्यांत निवड करतां येत नाहीं. निर्ढावलेला मनुष्य ती स्वस्थ बसून ऐकतो. सर्वांत अधिक यातना होते ती ज्याला आधींपासूनच लहानसहान आवाजांची यातना होते त्याला, आणि त्याचा या पापांत कांहीं वांटा नसतो. त्याला झालेली वेदना म्हणजे शिप व स्मिथ यांची वेदना नव्हे. ती दाराबाहेर गेल्यावर थांबते, आणि त्यांना दार नव्हतें. म्हणून सोसून ऐकणें ही दुसऱ्याच्या दुःखांत भागीदारी झाली, असाहि गर्व कोणी वाहूं नये. आणि जो सोसूं शकला नाहीं त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार तर सोसणाऱ्याला मुळींच नाहीं. मीं तें बोट दाखविलें होतें. खरें पाहतां त्या दिवशीं माझीच स्थिति चिंताजनक होती. तें ध्वनिमुद्रण मीं पुष्कळ वेळां ऐकिलें होतें. त्या किंकाळ्या चालू असतां मी घड्याळाकडे पाहत होतों, तास संपावयास किती मिनिटें उरलीं तें मोजीत होतों.

निषेधाच्या गाण्याला विरोधकांहून मोठें भय संवयीचें असतें. ज्या गाण्याला मोठ्या कंपनीनें एकदां नकार दिला, त्याच 'स्ट्रेंज फ्रूट'ला १९९९ सालीं 'टाइम' साप्ताहिकानें शतकाचें गाणें ठरविलें. 'वुई इन्सिस्ट!' ही रचनाहि २०२२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत दाखल झाली. हा गौरव योग्य आहे. परंतु गौरव झालेली वस्तु कपाटांत जाते, आणि कपाटांतील किंकाळी ऐकून दचकणारे कान थोडे थोडे कमी होतात. अशा वेळीं ज्यांचे कान अजून संवयीनें बोथट झाले नाहींत, त्या माणसांना उणें लेखणें हा उलटा न्याय होय. १९६० सालीं ती किंकाळी पहिल्यानें ऐकतांना काय वाटलें असेल, याची साक्ष आज तेच देऊं शकतात.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गांत माझे शब्द परत घेतले. कांहीं आठवड्यांनीं ती विद्यार्थिनी मला भेटली. तिनें तो भाग घरीं, स्वतःच्या हातीं आवाजाची कळ ठेवून ऐकिला होता: प्रार्थना पूर्ण, निषेध अगदीं उतरविलेल्या आवाजांत, आणि नंतरची शांति पुन्हां पूर्ण. त्या शांतींत विजय नाहीं, थकून गेलेल्या माणसाचा श्वास आहे, हें तिनें बरोबर टिपलें होतें. मीं विचारलें, हळू आवाजांत त्रास कमी झाला ना? ती म्हणाली, "कानाला कमी झाला, सर. पण हळू आवाजांत ती बाई आपल्या खोलींत नसते. दूरच्या कुठल्या तरी घरांतून ओरडते आहे असें वाटतें, आणि मग आपण उठून कां जात नाहीं, असें होतें."

माझ्याकडे या प्रश्नाचें उत्तर नव्हतें. त्यानंतर मीं ती तबकडी लाविली ती तिच्याच रीतीनें, आवाज उतरवून.